थांबता थांबता धावणारं नाणं

नाशिकच्या भांडी बाजारात एखादी पितळी परात हातातून निसटून फरशीवर पडली की आजूबाजूच्या दहा दुकानांना ते कळतं. पडल्याचा दणका एकच असतो. खरा गोंगाट त्यानंतर सुरू होतो. परात कडेवर डुगडुगायला लागते, आधी सावकाश ‘घडांग... घडांग’, मग भराभर, मग नुसतीच ‘घर्रर्र’, आणि एकाएकी गप्प. स्टीलचं ताट, डब्याचं झाकण, दहा रुपयांचं नाणं, सगळ्यांची तऱ्हा हीच.

यात काहीतरी उलटं आहे हे कानाला कळतं, पण आपण त्याकडे लक्ष देत नाही. पंखा बंद केला की पाती हळूहळू मंदावतात आणि मग थांबतात. थांबणं म्हणजे वेग कमी होत जाणं, असा आपला रोजचा अनुभव आहे. नाणं मात्र थांबायच्या बेतात आलं की जास्तच घाई करतं. ऊर्जा संपत चाललेली आणि आवाज मात्र चढत चाललेला.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर खरंखुरं वाटेल असं नाणं फिरवायचं तर काय काय लागतं, हे इथे सांगायचं आहे. गेम लिहिणाऱ्यांना हे हवं असतं आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रोजेक्टसाठी हवं असतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. गिरकी, घरंगळणं, डुगडुगणं यांची समीकरणं सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडून झाली आहेत आणि साधा लॅपटॉप ती लीलया सोडवतो. सगळी गोम शेवटच्या सेकंदात आहे. तिथे प्रोग्राम अडखळतो, आणि तिथेच भौतिकशास्त्रज्ञांचंही एकमेकांशी वाजलेलं आहे.

पडायला जागाच उरत नाही तेव्हा

दहाचं नाणं घ्या. व्यास २७ मिलिमीटर, वजन ७.७१ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ते उभं धरून टिचकी मारली की आधी ते उभ्या उभ्या गिरक्या घेतं. काचेच्या गोळीसारखं दिसतं, आवाज जवळपास नसतो. गिरकी मंदावली की ते कलतं आणि मग कड ओट्यावर गोल गोल टेकवत डुगडुगायला लागतं. नाण्याचा मध्य जवळजवळ जागच्या जागी राहतो. कडेवरचा जो बिंदू ओट्याला टेकलेला असतो, तो बिंदू मात्र धावत सुटतो.

आता क्षणभर नाणं थिजवा. एक बाजू टेकलेली आहे, समोरची बाजू अधांतरी आहे. अधांतरी बाजू पडायला लागणार, कारण तिच्याखाली आधार नाही. ती पूर्ण पडायच्या आत टेकणारा बिंदू फिरून तिथे पोचतो आणि तिला सावरतो. तेवढ्यात दुसरी बाजू अधांतरी झालेली असते. म्हणजे नाणं सतत पडतच असतं, आणि दर वेळी आधार वेळेवर पोचतो म्हणून आडवं होत नाही.

अधांतरी बाजूला पडायला जागा किती, यावर सगळा खेळ आहे. नाणं बरंच उभं असेल तर उंची जास्त, पडायला वेळ जास्त, आधाराला निवांत फेरी मारायला सवड. नाणं ओट्याला लागत आलं असेल तर उंची जेमतेम मिलिमीटरभर. तेवढं अंतर पडायला काहीच वेळ लागत नाही, म्हणून आधारालाही तेवढ्याच घाईने पळावं लागतं. पडायचा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो हे शाळेत शिकलेलं आहेच. कल चौपटीने कमी झाला की फेऱ्या दुप्पट वेगाने, हा त्याचाच परिणाम.

नेमकं सूत्र हवं असेल तर ते असं: फेरीच्या कोनीय वेगाचा वर्ग = ४ × गुरुत्वत्वरण ÷ (त्रिज्या × कलाच्या कोनाची साइन). कल म्हणजे नाणं आणि ओटा यांच्यातला कोन. कोनीय वेग रेडियनमध्ये येतो, त्याला २π ने भागलं की सेकंदाच्या फेऱ्या मिळतात. दहाच्या नाण्याचे आकडे घालून बघितले तर ३० अंशाच्या कलाला सेकंदाला सुमारे १२ फेऱ्या येतात, १० अंशाला साडेवीसच्या आसपास, ५ अंशाला २९, १ अंशाला ६५. अंशाच्या दहाव्या भागापर्यंत नाणं खाली आलं, तर सेकंदाला दोनशेच्या वर. त्या वेळी नाण्याची उंचावलेली कड ओट्यापासून अर्ध्या दशांश मिलिमीटरहून कमी वर असते. झेरॉक्सचा कागद खाली घालायचा म्हटला तरी जाणार नाही. ‘घर्रर्र’ म्हणतो तो आवाज हाच, सेकंदाला शंभर-दोनशे ठोके एकमेकांत मिसळलेले.

सूत्रात वजन कुठेच नाही, हे बघून घ्या. नाणं पितळेचं असो की ॲल्युमिनियमचं, आकार आणि कल सारखाच असेल तर फेऱ्यांचा वेग सारखाच. त्रिज्या मात्र आहे, आणि भांडी बाजारातली परात दहाच्या नाण्यापेक्षा संथ का वाजते याचं उत्तर तीच. परातीला काठ असतो, त्यामुळे तिचा हिशेब थोडा वेगळा पडतो. पण ४० सेंटिमीटर व्यासाची सपाट तबकडी मानली तर १० अंशाच्या कलाला सेकंदाला सव्वापाच-साडेपाच फेऱ्याच निघतात. एवढे ठोके कान वेगवेगळे ऐकू शकतो.

आता ओट्याजवळ वाकून नाण्यावरच्या ‘१०’ या आकड्याकडे बघा. टेकणारा बिंदू सेकंदाला वीस फेऱ्या मारतोय, आवाज तसा येतोय, आणि आकडा मात्र आरामात, जवळपास मिरवत फिरतोय. तीन सेकंदांत एक चक्कर. हे कसं? नाण्याच्या कडेचा घेर ८४.८ मिलिमीटर आहे. नाणं कललेलं असल्यामुळे ओट्यावर टेकणारा बिंदू ज्या वर्तुळावरून जातो, ते वर्तुळ कडेपेक्षा किंचित लहान असतं. १० अंशाला त्याचा घेर ८३.५ मिलिमीटर. दर फेरीला कडेचा सुमारे १.३ मिलिमीटर भाग टेकायचा राहून जातो, आणि नाणं फक्त तेवढंच वळतं. आकड्याला एक चक्कर पुरी करायला साधारण ६६ फेऱ्या लागतात. नाणं आणखी खाली आलं, कल ५ अंशांवर आला, की एका चकरेला नऊ सेकंद. शेवटी शेवटी आकडा थांबल्यासारखाच वाटतो आणि आवाज टिपेला पोचलेला असतो.

ऊर्जेचं कोडंही इथेच सुटतं. धावतोय तो टेकण्याचा बिंदू, आणि बिंदू ही वस्तू नव्हे. धातू तेवढा धावत नाही. हिशेब केला तर नाण्याची एकूण ऊर्जा कलाच्या साइनच्या प्रमाणात येते. दोन तृतीयांश उंचीची, एक तृतीयांश गतीची. कल शून्याकडे गेला की दोन्ही शून्याकडे. वेग अनंताकडे धावतो आणि ऊर्जा संपत जाते, यात विरोध काहीच नाही.

हे सगळं नाणं अचूक गोल आणि सपाट असल्याचं धरून. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात, पण नाणी पाडली जातात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टांकसाळीत, आणि यंत्राने पाडलेलं नाणं या गणिताला पुरेसं गोल असतं. जुन्या नाण्यांचं तसं नाही. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी इथे नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. हातोडीखाली एकदा नव्हे, दोनदा आलेली ही चांदी. तशा ओबडधोबड कडेचं नाणं दर फेरीला ठेचकाळणार आणि ‘घर्रर्र’पर्यंत पोचायच्या आतच आडवं होणार. इतिहासाच्या अभ्यासकांना त्याने काही फरक पडत नाही म्हणा.

कडेवर घरंगळताना

नाणं गिरकी न घेता सरळ घरंगळत गेलं तर? गल्ल्यावरून निसटलेलं नाणं नेहमी कपाटाखालीच का जातं, याचं थोडं उत्तर इथे आहे.

घरंगळणारं नाणं डावीकडे कललं की गुरुत्वाकर्षण त्याला डावीकडे पाडू बघतं. थांबलेलं नाणं पडेलच. फिरत्या नाण्याच्या अंगात मात्र कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोम, असतो, आणि पाडू बघणाऱ्या जोराचा परिणाम आडवा उमटतो. नाणं पडण्याऐवजी डावीकडे वळतं. वळल्यामुळे टेकणारा बिंदू कललेल्या बाजूखाली सरकतो आणि नाणं पुन्हा सरळ होतं. कुणी हँडल धरलेलं नसताना ते स्वतःला सावरत जातं.

यासाठी एक किमान वेग लागतो. सपाट तबकडीसाठी वेगाचा वर्ग हा गुरुत्वत्वरण गुणिले त्रिज्या, याच्या एक तृतीयांशाहून जास्त हवा. दहाच्या नाण्याला हे सेकंदाला सुमारे २१ सेंटिमीटर पडतं, म्हणजे काहीच नाही. टेबलावरून निसटलेल्या नाण्याला एवढा वेग सहज मिळतो आणि ते खोलीच्या टोकापर्यंत दिमाखात जातं. वेग या मर्यादेखाली आला की ते कलतं, वळण घट्ट होत जातं, एखाददुसरा आकसणारा वेढा मारतं आणि मग डुगडुग सुरू. ४० सेंटिमीटरच्या तबकडीला हीच मर्यादा सेकंदाला ८१ सेंटिमीटर आहे, म्हणून ताट घरंगळवणं नाण्यापेक्षा अवघड जातं.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला खरा त्रास देते ती ‘घसरायचं नाही’ ही अट. नाणं कुठे आणि कसं आहे हे सांगायला पाच आकडे लागतात. टेकणारा बिंदू ओट्यावर कुठे आहे याचे दोन, आणि नाण्याचं तोंड कुठे, कल किती, आकडा किती फिरलेला याचे तीन. पण न घसरता घरंगळायचं असेल तर कुठल्याही क्षणी त्याला हालचालीच्या तीनच वाटा मोकळ्या असतात. आडवं सरकता येत नाही. मेन रोडला दोन गाड्यांच्या मधल्या जागेत कार लावताना हाच अनुभव येतो. कार सरळ आडवी सरकत नाही, पण मागे-पुढे, मागे-पुढे करत अखेर ती त्या जागेत बसते. म्हणजे बंधन हालचालीवर आहे, पोचण्याच्या ठिकाणावर नाही. नाणंही ओट्यावर एखादं वर्तुळ मारून निघाल्या जागी परत आलं तर ‘१०’ हा आकडा आधीसारखा उभा असेलच असं नाही. तो कुठे वळलेला असेल हे वर्तुळ किती मोठं होतं त्यावर ठरतं.

या अटीने भले भले चकले आहेत. १८९५ मध्ये फिनलंडचे गणिती अर्न्स्ट लिंडेलोफ यांनी सपाट पृष्ठावर घरंगळणाऱ्या वस्तूचं उत्तर काढलं. ‘घसरत नाही’ ही अट त्यांनी ऊर्जेच्या सूत्रात आधीच घालून टाकली आणि मग नेहमीची समीकरणं मांडली. दिसायला सोपं, पण चूक. १८९७ मध्ये रशियाचे चॅपलिगिन यांनी ती चूक दाखवून बरोबर रीत दिली. ही अट समीकरणं मांडून झाल्यावर लावायची असते, आधी लावली तर घर्षणाचा आडवा जोर हिशेबातून गळून पडतो. पुढे १९०० च्या सुमारास फ्रान्सचे अपेल आणि हॉलंडचे कोर्टेवेग यांनी घरंगळणाऱ्या तबकडीचं पूर्ण उत्तर कागदावर सोडवलं. आजच्यासारखा कॉम्प्युटर तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. आजही या विषयावरचे विद्यार्थ्यांचे प्रोग्राम बघितले तर चुकतात ते लिंडेलोफच्याच जागी.

पावलापावलाने

प्रोग्रामची रीत एका वाक्यात सांगता येते. आत्ता नाणं कुठे आहे आणि कोणत्या वेगाने चाललंय हे माहीत आहे, जोर किती आहेत हे समीकरण सांगतं, त्यावरून थोड्याच वेळानंतर ते कुठे असेल हे काढायचं, आणि हेच पुन्हा पुन्हा. या ‘थोड्याच वेळा’ला आपण पाऊल म्हणू. पाऊल लहान तर उत्तर अचूक, पण गणित जास्त.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. लिओनहार्ड ऑयलर हे अठराव्या शतकातले स्विस गणिती. डुगडुगणाऱ्या तबकडीला ऑयलरची तबकडी म्हणतात, तिच्या गतीच्या समीकरणांना ऑयलरची समीकरणं, तिचा कल-वळण मोजणाऱ्या तीन कोनांना ऑयलरचे कोन, आणि पाऊल टाकण्याच्या सर्वात सोप्या रीतीला ऑयलरची रीत. एकाच माणसाचं चार ठिकाणी नाव. आणि यातल्या शेवटच्या दोन गोष्टी या प्रोग्रामात वापरू नयेत!

ऑयलरची रीत आत्ताच्या वेगाने सरळ रेषेत पाऊल टाकते. फिरणारी वस्तू मात्र वळत असते, त्यामुळे दर पावलाला उत्तर किंचित बाहेर पडतं आणि नाण्याला फुकटची ऊर्जा मिळत जाते. घर्षण न घालता असा प्रोग्राम चालवला तर डुगडुगणारं नाणं आपोआप उभं राहायला लागतं. बघणाऱ्याला चमत्कार वाटतो, प्रोग्राम लिहिणाऱ्याला घाम फुटतो. उपाय जुनाच आहे. रुंगे आणि कुट्टा या जर्मन गणितींची रीत एका पावलात चार वेळा अंदाज घेते, आधी थोडं पुढे डोकावते, मग पाऊल टाकते. तेवढ्याने ऊर्जेचा हिशेब बराच काळ जुळतो. जुळतोय की नाही हे बघायला घर्षण बंद ठेवून एकूण ऊर्जा छापत राहावी. आकडा हलला की पाऊल लहान करायचं.

कोनांची भानगड वेगळी. नाणं ओट्यावर सपाट झालं की ‘तोंड कुठे’ आणि ‘आकडा किती फिरला’ या दोन कोनांत फरकच उरत नाही. दोन्ही एकाच उभ्या अक्षाभोवतीचे कोन होतात आणि सूत्रात शून्याने भागायची वेळ येते. नेमकं जिथे आपल्याला जायचं आहे तिथेच. म्हणून बरेच जण तीन कोनांऐवजी चार आकड्यांचं क्वाटर्निअन वापरतात. आयर्लंडच्या हॅमिल्टन यांना ही कल्पना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना सुचली आणि त्यांनी तिचं सूत्र तिथल्या पुलाच्या दगडावर कोरलं. आज जवळपास प्रत्येक गेम इंजिनच्या, म्हणजे गेममधल्या वस्तू हलवणाऱ्या तयार प्रोग्रामच्या, पोटात ते बसलेलं असतं.

तरीही गेममधली नाणी खोटीच वाटतात. कारण पावलाची लांबी. बहुतेक गेम सेकंदाला ६० पावलं टाकतात. १० अंशाच्या कलाला दहाचं नाणं सेकंदाला साडेवीस फेऱ्या मारतं, म्हणजे एका पावलात एक तृतीयांशाहून जास्त फेरी. टेकणारा बिंदू आत्ता समोर होता, पुढच्या पावलाला थेट पलीकडे. मधलं काहीच प्रोग्रामला दिसत नाही. तो मग नाण्याला ओट्यात घुसलेलं समजून बाहेर ढकलतो, नाणं उगाच थरथरतं, आणि शेवटी इंजिन वैतागून त्याला झोपवून टाकतं. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की वस्तू थांबली असं मानायचं, अशी सोय बऱ्याच इंजिनांत असते. शिवाय इंजिनातलं गोल नाणं बऱ्याचदा गोल नसतंच, अनेक सरळ बाजूंची चकती असते.

शेवटचा सेकंद

नाणं थांबवतं कोण? हवा, की ओटा?

एप्रिल २००० मध्ये केंब्रिजचे गणिती कीथ मोफॅट यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छोटासा लेख लिहून हवेच्या बाजूने कौल दिला. नाणं जवळजवळ आडवं झालं की त्याच्या आणि टेबलाच्या मध्ये हवेचा पातळ थर सापडतो. टेकणारा बिंदू फिरतो तशी ही हवा एका बाजूने पिळून निघते, दुसऱ्या बाजूने आत ओढली जाते, आणि थर जितका पातळ तितका तिचा चिकटपणा जास्त जाणवतो. त्यांच्या गणिताप्रमाणे कल हा उरलेल्या वेळाच्या घनमुळाप्रमाणे कमी होतो. थांबायला उरलेला वेळ एक अष्टमांश झाला की कल निम्मा. फेऱ्यांचा वेग दुप्पट व्हायला उरलेला वेळ एक चौसष्टांश व्हावा लागतो. असं दुप्पट, पुन्हा दुप्पट होत ठरावीक क्षणी वेग अनंत! फेऱ्यांची एकूण संख्या मात्र मर्यादितच राहते.

मोफॅट यांच्या डोळ्यांसमोर ‘ऑयलर्स डिस्क’ नावाचं खेळणं होतं. जोसेफ बेंडिक या अमेरिकी इंजिनिअरने ते काढलं. जाड, जड, गुळगुळीत कडेची पोलादी तबकडी आणि खाली किंचित खोलगट आरसा, त्यामुळे ती मध्यातून हलत नाही आणि मिनिटभराहून जास्त काळ फिरत राहते.

त्याच वर्षी ‘नेचर’मध्येच प्रत्युत्तर आलं. व्हॅन डेन एंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्वात पात्रात नाणी फिरवली. हवा काढून घेतली तरी थांबायला लागणाऱ्या वेळात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. मग दोषी ओटा. कडेखालचा पृष्ठभाग किंचित दबतो, कड किंचित घासते, दर फेरीला थोडी ऊर्जा तिथे मुरते. त्यानंतरच्या बऱ्याच प्रयोगांचा कल घरंगळण्याच्या घर्षणाकडेच आहे, आणि मलाही तेच पटतं. घरच्या घरी बघायचं तर धातूची बांगडी फिरवा. तिच्याखाली हवेचा थर अडकायला पृष्ठभागच नाही, तरी ती नाण्यासारखीच ‘घर्रर्र’ करत बसते. बसते म्हणजे ऊर्जा कुठेतरी जातेच आहे.

प्रोग्राममध्ये यातलं एक सूत्र निवडून घालावं लागतं, आणि कुठलंही घाला, शेवटी कल शून्यावर आणि वेग अनंतावर जातो. पाऊल कितीही लहान करा, एका पावलाला कल शून्याच्या खाली उतरतोच आणि मग वर्गमुळाखाली ऋण आकडा. म्हणून कल अमुक एका कोनाखाली गेला की ‘नाणं बसलं’ असं जाहीर करून टाकतात. ऐकायला ही लबाडी वाटते. पण निसर्गातही अशी रेघ आहे. मोफॅट यांच्या नियमाप्रमाणे शेवटी शेवटी नाण्याचा मध्य इतक्या जोरात खाली यावा लागतो की त्याचं त्वरण गुरुत्वत्वरणापेक्षा जास्त होईल, आणि नाण्याला गुरुत्वाकर्षणाहून जोरात खाली ओढणारं तिथे कुणी नाही. त्यामुळे साधारण सेकंदाच्या शेवटच्या शंभराव्या भागात हा नियम स्वतःच मोडतो. प्रोग्रामने तिथे हात टेकले तर ते शास्त्राला धरूनच आहे.

आपला प्रोग्राम खरा की खोटा हे तपासायला पडदा उपयोगाचा नाही. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर तीसहून जास्त फेऱ्या नीट दिसूच शकत नाहीत, आणि तेवढ्या तर पाच अंशाला आल्यावरच होतात. कान लावावा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर दहाचं नाणं फिरवून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लाट मोठी करून बघा. जिथे आवाज संपतो तिथून मागे मोजायचं. संपायच्या ३.२ सेकंद आधी दोन ठोक्यांतलं अंतर किती, आणि ०.०५ सेकंद आधी किती. उरलेला वेळ या दोन जागांत ६४ पटींनी कमी झालेला आहे. हवेचा नियम खरा असेल तर ठोक्यांचा वेग दुप्पट झालेला दिसायला हवा. कडेचं घर्षण एकसारखं धरलं तर उरलेला वेळ एक अष्टमांश झाला की वेग दुप्पट होतो, म्हणजे इथे तो चौपट दिसेल. दुप्पट आणि चौपट यांतला फरक मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. उत्तर मधलंच काही आलं तर दोन्ही सूत्रं थोडी थोडी मिसळून प्रोग्राममध्ये घालावीत. ओटा पुसून कोरडा करा आणि मिक्सर बंद ठेवा म्हणजे झालं.

वीसचं नाणं मात्र या कामाला घेऊ नका. व्यास दहाच्या नाण्याएवढाच, २७ मिलिमीटर, पण त्याला बारा बाजू आहेत. ते घरंगळत नाही, एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर आपटत जातं, दर फेरीला बारा टकरी. १० अंशाच्या कलाला सेकंदाला अडीचशेच्या आसपास. ऊर्जा या टकरींतच जाते, म्हणून त्याच्यासाठी हवेचं सूत्र नको आणि कडेच्या घर्षणाचंही नको. गेम इंजिनातली अनेक बाजूंची चकती या एका नाण्याला मात्र शोभून दिसेल.